मुंबईत कुत्र्या-मांजरांना कायमचा एक डॉक्टर हवाच का?

चेंबूरची_सई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षाचा इंडी कुत्रा आहे, खंड्या. गेल्या महिन्यात बहिणीने तिच्या सोसायटीच्या पार्किंगमधलं मांजराचं पिल्लू ‘दोन दिवसांसाठी’ आणून ठेवलं, म्हणजे आता तेही आमचंच.

खंड्याचं आतापर्यंत सगळं तुकड्यातुकड्यांत झालंय. पहिली लस एका शिबिरात, पुढच्या घरी येणाऱ्या डॉक्टरांकडून, नसबंदी तिसरीकडे, आणि पोट बिघडलं की त्या वेळी जे क्लिनिक उघडं असेल तिथे. नवऱ्याचं म्हणणं, ‘बाटली तीच, सुई तीच, टोचणारा कोण याने काय फरक पडतो?’ सासूबाई म्हणतात, ‘माणसांना फॅमिली डॉक्टर उरला नाही आणि तुम्ही कुत्र्याला शोधताय!’

तुमच्याकडे एकच ठरलेला डॉक्टर आहे का? त्याचा खरंच उपयोग होतो की ती फक्त मनाची समजूत? पिल्लाची सुरुवातच आहे, तर आत्ताच नीट ठरवावं म्हणते.

बोक्याचा_बाप

हवाच. एकच प्रसंग सांगतो.

आमचा बोका एकदा रात्री सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. जोर करायचा, ओरडायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. बायकोला वाटलं बद्धकोष्ठ. मी नेहमीच्या डॉक्टरांना मेसेज टाकला. त्यांचा फोन आला, पहिलाच प्रश्न, ‘ट्रे ओला आहे का?’ हात लावून बघितला, वाळू कोरडी ठणठणीत. ते म्हणाले, ‘सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा. मूत्रमार्ग तुंबलाय.’ कुठल्या हॉस्पिटलात रात्री कॅथेटर (लघवीची नळी) घालणारं माणूस असतं हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही रिक्षात असताना बोक्याचा आधीचा लघवीचा रिपोर्ट त्यांनी तिकडे पाठवून दिला, त्यात खडे आल्याची नोंद होती. पोहोचल्यावर पहिल्यापासून सगळी कहाणी सांगत बसावं लागलं नाही.

बोक्यांच्या बाबतीत हे फार वाईट. मार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ज्यांच्याकडे बोके आहेत त्यांनी हे लक्षात ठेवाच.

खारी_बिस्किट

बोक्याचा_बाप, अंगावर काटा आला. माझा बोका आत्ता समोर झोपलाय, उठून ट्रे बघून आले.

किंग्ज_सर्कलकर

मी जरा उलट बोलतो. ठरलेला डॉक्टर म्हणजे देव नव्हे.

आमच्या कुत्रीला खाज सुटायची. आमचे तेव्हाचे डॉक्टर (नाव घेत नाही) दर वेळी एक इंजेक्शन द्यायचे, आठ-दहा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. ‘ॲलर्जी आहे, मुंबईची हवा’ हे ठरलेलं वाक्य. बरीच वर्षं त्यांच्याकडे जात होतो, त्यामुळे दुसरीकडे दाखवायचं म्हणजे विश्वासघात केल्यासारखं वाटायचं. शेवटी केस गळून पोटावर चट्टे पडले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ब्लेडने त्वचा हलकेच खरवडली आणि काच मायक्रोस्कोपखाली धरली. डेमोडेक्स नावाचे किडे निघाले. आणि ती इंजेक्शनं स्टेरॉइडची होती, ज्यांनी हा आजार उलट वाढतो.

त्यामुळे एकच डॉक्टर धरून बसा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न: तो डॉक्टर तपासतो का, की नुसता ओळखतो?

पशुवैद्य_उपनगरी

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. परळच्या कॉलेजातून शिकलो, आता उपनगरात दोन खोल्यांचं क्लिनिक चालवतो. माझा धंदाच हा आहे, तेव्हा मी ‘हवाच’ म्हणणार हे धरून वाचा.

किंग्ज_सर्कलकर, तुमच्या शेवटच्या वाक्यावर माझी सही. खाजेच्या पेशंटची त्वचा खरवडून बघायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि मायक्रोस्कोप प्रत्येक क्लिनिकात असायला हवा. दुसरं मत घेतल्यावर ज्या डॉक्टरला राग येतो, त्याच्याकडे तसंही जाऊ नये.

सई, तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे. लस तीच असते, फक्त २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. फ्रिजबाहेर राहिलेली बाटलीही ‘तीच’ दिसते. पण खरा घोळ कॅलेंडरचा असतो. पिल्लाला आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तोवर ती लशीलाच मारक ठरते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टोचतात, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर पडावा लागतो. माझ्याकडे पार्व्होने रक्ताचे जुलाब करत आलेल्या कित्येक पिल्लांचे मालक सांगतात, ‘डॉक्टर, लशी पूर्ण झाल्यात.’ पुस्तिका बघावी तर दोन डोस एका ठिकाणचे, एक दुसरीकडचा, आणि शेवटचा दहाव्या आठवड्यात. तिघांपैकी कोणीच चुकीचं टोचलेलं नसतं. शेवटचा डोस आपला आहे असं मात्र कोणालाच वाटलेलं नसतं.

आता मुद्द्याचं. नेहमीच्या डॉक्टरचा सगळ्यात मोठा उपयोग आजारपणात नाही, जनावर ठणठणीत असताना आहे. तुमचा खंड्या बरा असताना कसा असतो, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. वजन, हृदयाचे ठोके, हिरड्यांचा रंग, दात, मधूनमधून रक्त.

उदाहरण मांजराचंच घेतो. समजा तिचं क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा) तीन वर्षांपूर्वी १.० होतं, आज १.५ आहे. दोन्ही आकडे लॅबच्या मर्यादेत, रिपोर्टवर लाल खूण नाही. आज पहिल्यांदाच बघणारा डॉक्टर म्हणेल ‘नॉर्मल’. ज्याच्याकडे जुना आकडा आहे तो म्हणेल, ‘थांबा, हे दीडपट झालंय, लघवी तपासू, बीपी बघू.’ क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जातं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम संपलेलं असतं. एसडीएमए नावाची तपासणी जरा आधी सुगावा देते, पण तीही कोणी सांगितली तरच होते.

वजनाचंही तसंच. ४.८ किलोची मांजर ४.२ वर आली तर मालक म्हणतो, ‘थोडी बारीक दिसते, उन्हाळा आहे.’ अहो, आठवा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचे साडेसात किलो गेले तर घरात काय गोंधळ उडेल? पण मागचं ४.८ कुठे लिहिलेलंच नसेल तर ४.२ बघून कोणाला काय कळणार.

मांजर दुखणं लपवते. कुत्रा निदान लंगडतो तरी. मांजर फक्त फ्रिजवर उडी मारणं सोडते आणि आपण म्हणतो शहाणी झाली.

खारी_बिस्किट

डॉक्टर, शेवटच्या वाक्याने झोप उडवलीत. आमची म्हातारी भाटी वर्षभरात कपाटावर चढलेली नाही.

पशुवैद्य_उपनगरी

खारी_बिस्किट, सांधे असू शकतात, इतरही काही असू शकतं. घाबरू नका, पण दाखवून घ्या. येताना तिचा चालतानाचा, उडी मारण्याआधी थबकतानाचा व्हिडिओ आणा. क्लिनिकात मांजर टेबलावर दगड होऊन बसते, तिथे काही दिसत नाही. आणि घरातली पेनकिलर देऊ नका! पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्यांनाही आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नको, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो. दर महिन्याला एक तरी असा पेशंट येतो आणि देणाऱ्याने ती नेहमी प्रेमानेच दिलेली असते, म्हणून सांगतो.

नालासोपारा_फास्ट

पॉइंट पटला, पण पैशांचं कोणीच बोलत नाहीये. ठणठणीत कुत्र्याचं दर वर्षी रक्त तपासायचं म्हणजे कन्सल्टेशन, सीबीसी, लिव्हर-किडनी, वर गोचिडांची गोळी. आमच्या घरात आईचं बीपीचं औषध पण जेनेरिक घेतो. मोठ्या हॉस्पिटलात तर आत गेलं की फाइलच्या आधी बिल तयार.

बोक्याचा_बाप

नालासोपारा_फास्ट, त्या रात्रीच्या कॅथेटरचं आणि ॲडमिशनचं बिल तुला दाखवतो, मग रक्ततपासणी स्वस्त वाटेल. :)

पशुवैद्य_उपनगरी

नालासोपारा_फास्ट यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. तरुण, धडधाकट जनावराचं दर वर्षी संपूर्ण पॅनल करायलाच हवं असं मी म्हणत नाही. नसबंदीच्या वेळी भूल देण्याआधी सहसा एकदा रक्त तपासतात, ते कागद जपून ठेवा, तो तुमचा पहिला आकडा. मग सात-आठ वर्षांचं झालं की वर्षातून एकदा. मधल्या वर्षांत नुसतं अंगावर हात फिरवून तपासणं आणि वजन. वजनकाट्यावर उभं करायला आम्ही तरी पैसे घेत नाही, येता-जाता या.

लशींतही काटकसरीला जागा आहे. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंचे पिल्लूपणीचे डोस आणि वर्षानंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर पुढे ते दर वर्षी लागतातच असं नाही, तीन वर्षांचं अंतर चालतं असं जागतिक मार्गदर्शन आहे. लेप्टोचं (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) संरक्षण मात्र वर्षभरच धरायचं, आणि मुंबईत ते वगळायचं नाही. रेबीजचं तर बोलायलाच नको, पालिकेचं लायसन्स काढतानाही ते सर्टिफिकेट लागतं. कोणती लस यंदा टोचायची आणि कोणती नाही, हे तुमची पुस्तिका समोर असलेला डॉक्टरच सांगू शकतो. पहिल्यांदाच बघणारा डॉक्टर सुरक्षित बाजू म्हणून सगळंच टोचेल. म्हणजे ठरलेल्या डॉक्टरमुळे पैसेही वाचतात.

परळचा_पक्या

पैशांचा विषय निघालाय तर सांगतो, परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जनावरांचं. तिथलं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ सालचं. आमच्या लहानपणी ‘बैलघोड्याचं हॉस्पिटल’ म्हणायचे. खासगीच्या मानाने खर्च कमी, गर्दी मात्र मजबूत. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचंही लहान प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल झालंय.

पण अशा ठिकाणी दर वेळी समोर वेगळा डॉक्टर येऊ शकतो. म्हणून तिकडे ऑपरेशन, एक्स-रे, सोनोग्राफी, आणि रोजचं आपल्या गल्लीतलं, अशी आमची वाटणी.

किंग्ज_सर्कलकर

पक्याभाऊ, ही वाटणी पटली.

डॉक्टर, पावसाळ्याचं जरा सविस्तर लिहा ना. आमच्याकडे दर वर्षी रस्त्यावर पाणी भरतं आणि कुत्रीला शी-शूसाठी त्यातूनच न्यावं लागतं.

पशुवैद्य_उपनगरी

किंग्ज सर्कल म्हणजे पाणी भरण्याचं माहेरघरच.

लेप्टोचे जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. कुत्र्यांत किडनी आणि लिव्हर धरतं: ताप, उलट्या, डोळे पिवळे. आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरच्यांनाही होऊ शकतं, म्हणून हातमोजे घालून साफ करा. लस पहिल्यांदाच देत असाल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा जूनमध्ये जागे होऊन उपयोग नाही, एप्रिल-मेमध्ये या. लशीत जंतूंचे सगळे प्रकार नसतात, त्यामुळे लस झाली तरी तुंबलेलं पाणी टाळायचंच आणि घरी आलं की पाय धुऊन कोरडे करायचे.

दुसरं दुखणं गोचिडांचं. मुंबईच्या हवेत गोचीड बारा महिने जगतो, भिंतीच्या फटीत अंडी घालतो. त्यातून एर्लिकिया आणि बबेसिया, ज्याला सगळे ‘टिक फिवर’ म्हणतात. कुत्रा एक वेळ जेवला नाही, जरा मलूल आहे, अंग गरम. हे काहीही असू शकतं. पण फाइलमध्ये त्याच्या प्लेटलेट्स नेहमी तीन लाखांच्या आसपास असतात असं लिहिलेलं असेल आणि आज एक लाख चाळीस हजार आल्या, तर मी त्याच दिवशी रक्ताची काच बघणार. अनोळखी कुत्रा असेल तर ‘जरा कमी आहेत, दोन दिवसांनी बघू’ असं म्हटलं जाऊ शकतं. नाकातून रक्त यायला लागल्यावर निदान कोणीही करेल.

आणि सई, तुमच्यासाठी महत्त्वाचं. तुमच्या घरी आता कुत्रा आणि मांजर दोघं आहेत. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. झटके येतात. खंड्याच्या अंगावर टाकलं आणि पिल्लू त्याला चिकटून झोपलं तरी धोका. दुकानदार विचारत नाही घरात मांजर आहे का. ज्याच्याकडे दोघांच्या फाइली एकाच घराच्या नावावर आहेत त्याला विचारावं लागत नाही.

चेंबूरची_सई

बापरे. खंड्याचं ते औषध मेडिकलमधूनच येतं, नवरा ऑफिसातून येताना घेऊन येतो. आत्ता डबी शोधून वाचली. फिप्रोनिल लिहिलंय.

पशुवैद्य_उपनगरी

मग ठीक. फिप्रोनिल मांजरांना चालतं, पण मांजरासाठीचं वेगळं मिळतं, कुत्र्याचं पिल्लाला लावू नका.

दादरचे_आजोबा

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

आमची पॉमेरेनियन, राणी, नऊ वर्षांची असताना लशीला नेली होती. डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे स्टेथोस्कोप लावला आणि जरा जास्त वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, ‘काका, मागच्या वर्षी हा आवाज नव्हता.’ झडपेचा आवाज. राणी तेव्हा उड्या मारत होती, आम्हाला काही लक्षण नव्हतं. मग एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी. हृदय थोडं मोठं झालेलं निघालं. लक्षणं दिसण्याआधीच गोळ्या सुरू केल्या, तसं केल्याने पुढचा त्रास लांबतो असं त्यांनी समजावलं.

मला त्यांनी एक काम दिलं. राणी गाढ झोपली की छाती मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजून वहीत लिहायचं. तीसच्या वर जायला लागलं तर फोन. मी बँकेतून निवृत्त, वहीत आकडे लिहिणं हाडात मुरलेलं. बावीस, चोवीस, बावीस. एके रात्री छत्तीस आला, पुन्हा मोजला, अडतीस. दम लागलेला नव्हता, खोकला नव्हता. फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं, फुप्फुसात पाणी जमायला लागलं होतं. लघवीच्या गोळ्या वाढवल्या आणि ती वेळ टळली.

राणी त्यानंतरही बरेच दिवस आमच्यात होती. शेवटी जेव्हा जेवण बंद झालं, तेव्हा ‘आता थांबवू या का’ हे मला विचारवत नव्हतं. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, ‘काका, मी तिला पिल्लू असल्यापासून बघतेय. ही तिची तऱ्हा नाही.’ घरी आल्या, राणीच्या गादीवरच केलं. कुठल्या अनोळखी माणसाने हे सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

ज्यांना पुढची माहिती हवी त्यांच्यासाठी: मालाडला पालिकेची प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे. वेळ येण्याआधी चौकशी करून ठेवावी, त्या दिवशी डोकं चालत नाही.

खारी_बिस्किट

आजोबा, लिहीत जा हो तुम्ही.

नालासोपारा_फास्ट

आजोबांना नमस्कार. बरं, मान्य. आता सांगा, चांगला डॉक्टर ओळखायचा कसा? गूगलवर सगळ्यांनाच साडेचार तारे आहेत.

परळचा_पक्या

डिग्री बघ रे आधी. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. भिंतीवर हवी आणि व्हेटर्नरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर. बऱ्याच ठिकाणी पेट शॉपमध्ये कंपाउंडरच सुया टोचतो आणि लोक त्यालाच डॉक्टर म्हणतात.

किंग्ज_सर्कलकर

माझी कसोटी: पोट बिघडलं म्हणून नेलं तरी तो तोंड उघडून दात बघतो का, वजन करून लिहितो का. आमच्या आताच्या डॉक्टर कुत्रीला आधी जमिनीवर मोकळं सोडतात, आमच्याशी बोलताना तिचं चालणं बघतात, मग टेबलावर घेतात. आणि ‘हे मला जमणारं नाही, अमुककडे न्या’ असं त्यांनी दोनदा स्पष्ट सांगितलंय. त्या वाक्यावर माझा जास्त विश्वास बसला.

बोक्याचा_बाप

शिवाय ते आजारी पडले किंवा गावाला गेले तर कोण बघणार, रात्री कुठे जायचं, हे आधीच विचारून ठेवा. रात्रंदिवस उपलब्ध असलेला एकटा डॉक्टर ही अपेक्षाच चूक आहे, त्यांनाही झोप लागते. आमचे डॉक्टर रात्री दहानंतर फोन उचलतीलच असं नाही, पण पर्यायी नंबर क्लिनिकच्या दारावर लिहिलेला असतो.

वसईची_वहिनी

उशिरा आले. कुत्रीवाल्यांसाठी एक. आमची लॅब्रेडोर, नसबंदी केलेली नव्हती. एकदा खूप पाणी प्यायला लागली, सुस्त. शेजारणीने सांगितलं शुगर असेल. डॉक्टरांनी फोनवरच विचारलं, ‘माजावर येऊन गेल्याला महिना-दीड महिना झाला ना?’ त्यांच्याकडे तारीख होती. गर्भाशयात पू झाला होता, त्याच दिवशी ऑपरेशन केलं. माझ्या लक्षातही नव्हती ती तारीख.

घरी येणारे डॉक्टर वाईट असं नाही हं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हाताऱ्या कुत्र्याला खाली नेणं कठीण, तेव्हा तेच बरे. फक्त ते एकच असावेत आणि त्यांनी लिहून ठेवावं.

चेंबूरची_सई

सगळ्यांचे आभार! आज दोघांना घेऊन एका क्लिनिकात जाऊन आले, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी लवकर गेले कारण मांजराला कुत्र्यांच्या रांगेत बसवायचं नव्हतं. पिल्लाची पिशवी खुर्चीवर ठेवून वर टॉवेल टाकला, तेवढ्याने ती गप्प बसली.

डॉक्टरांनी खंड्याचे सगळे कागद टेबलावर पसरले आणि तारखांप्रमाणे लावले. नसबंदीच्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट नवऱ्याच्या मेलमध्ये सापडला. लेप्टोचा दुसरा डोस कुठेच लिहिलेला नाही, तो पुन्हा सुरुवातीपासून द्यायचा ठरलं. वजन १९.४ किलो, ‘थोडं कमी करा, बिस्किटं बंद’. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण बिस्किटं त्याच देतात.

डॉक्टर, एक शंका. पिल्लाची नसबंदी पुढच्या महिन्यात म्हणतायत. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना? खंड्याला तसंच ठेवलं होतं.

पशुवैद्य_उपनगरी

नाही, इतक्या लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, रक्तातली साखर उतरते. थोड्याच तासांचा उपास पुरतो आणि पाणी तर शेवटपर्यंत चालतं. किती तास ते तिचं वजन आणि ऑपरेशनची वेळ बघून तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. माझ्याकडे तिची फाइल नाही.